फळांच्या मशीनबद्दल माझं मत

मला तोंडावर बोलायची खोड आहे, आणि त्याच खोडीचा मला पगार मिळतो. नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उगवण तपासतो. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. एका लॉटचे, म्हणजे बियाण्याच्या एका खेपेचे, असे चार कागद. लॉट कुणाचा आहे, कोण रागावेल, हे मी बघत नाही. उगवलं तर पास, नाही तर नापास. यापायी दोनदा नोकरी जाता जाता वाचली, पण माझ्या सहीवर शंका घेतलेली मी अजून ऐकलेली नाही.

कामावरून सुटलो की सायकल घेऊन मी सरळ जुन्या जालन्यात घरी जात नसे. स्टेशन रोडला अलीमचं व्हिडिओ गेम पार्लर होतं, तिथं तासभर टेकायचो. पार्लर म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली, भिंतीला लागून कपाटाएवढी चार मशीनं, आणि दाराशी स्टुलावर बसलेली अलीमची आई सरदारबी. नोट घेऊन रुपयाची नाणी द्यायचं काम तिचं. आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो. अलीम माझ्याच वयाचा. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, मग त्यानं दुकानातली हत्यारं विकून ही मशीनं आणली.

त्या पार्लरमध्ये माझा एक मान होता. औरंगाबादचा पुरवठादार नवा गेम घेऊन आला की अलीम आधी मला बसवायचा. मी दोन तास खेळायचो, बाकीचे मागे उभे राहायचे. खेळून झालं की मी मत द्यायचो, "ठेव" किंवा "परत पाठव". पाच वर्षांत मी सात गेम परत पाठवले आणि अलीमनं एकदाही वाद घातला नाही. मी "भंगार" म्हटलेल्या गेममध्ये कुणी नाणं टाकत नसे. आमच्या प्रयोगशाळेतला भुजंग तर माझ्या शब्दाबाहेर जायचाच नाही. तो परतूरहून रोज रेल्वेनं ये-जा करायचा, गाडीला वेळ असला की माझ्यासोबत यायचा आणि आधी विचारायचा, "बद्रीभाऊ, आज काय खेळू?" मला ते आवडायचं, उगाच कशाला खोटं सांगू.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये एका सोमवारी दुपारी अलीम आमच्या गेटवर आला. कधी येत नसे. चेहरा पडलेला.

"बद्री, कोनी तरी अर्ज दिलाय. पार्लरमंदी जुगार चालतो म्हणून. उद्या चार वाजता परवाना खात्याचे साहेब येऊन राह्यलेत बघायला."

"मंग येऊ दे की. जुगार कुठंय तुझ्याकडं?"

तो गेटच्या कडीशी चाळा करत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात पाचवं मशीन आलं.

त्या पाचव्या मशीनमध्ये माझाही हात होता, म्हणून ते नीट सांगतो. दिवाळीपासून मी अलीमच्या मागे लागलो होतो की दोन जणांनी समोरासमोर खेळायचा मारामारीचा गेम आण, नाही तर मी येणं बंद करतो. पुरवठादार म्हणाला, देतो, पण त्यासोबत हे एक मशीन ठेवावं लागेल. त्या मशीनवर तीन रकान्यांत फळं आणि घंटा फिरायच्या. एका रुपयात तीन डाव. बटण दाबलं की चित्रं थांबायची, आणि तीन सारखी आली की खालच्या ताटलीत नाणी पडायची. बटण तुम्ही कधीही दाबा, चित्रं कुठं थांबायची ते मशीनच्या पोटातच ठरायचं. पहिल्या दिवशी मी दहा नाणी घालवून सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "हा गेमच न्हाई. यात खेळणाऱ्याला कामच न्हाई." तरी अलीमनं ते दहा-बारा दिवस चालू ठेवलं. माल उतरवणारे हमाल, रिक्षावाले त्याला चिकटून बसायला लागले. भुजंगानंही दोनदा नाणं टाकलं, तेव्हा मी त्याला आणि अलीमला दोघांनाही झापलं. अलीम ओशाळला आणि त्यानं मशीनची वायर काढून त्यावर चादर टाकली. महिना झाला होता त्याला.

"ते पुरवठादाराला आजच न्यायला सांग की," मी म्हणालो.

"त्याची गाडी महिन्यातून एकदा येती, आता गुरुवारी. त्याला फोन केल्ता मी, आज न्हाई जमत म्हणला. कुठं लपवू एवढं मोठं? सारी गल्ली बघून राह्यली."

"परवाना गेला तर?"

"गेला तर सील. चारी मशीनं जप्त. टीव्हीचं काम मला आता कोन देतं? अन् अम्मा..." तो थांबला. "तिथं एक माणूस पाहिजे बोलायला. माझा नातेवाईक न्हाई, नोकरीवाला, पक्का खेळणारा. तू ये. जे हाये ते बोल, बस्स."

जे आहे ते बोल, हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी अर्धी रजा टाकून साडेतीनलाच पोचलो. भुजंग माझ्यामागे आलाच. दाराबाहेर गल्लीतली वीस-पंचवीस माणसं जमली होती, कुणी तमाशा बघायला, कुणी खरोखर काळजीनं. अम्मा स्टुलावर तसबीहचे मणी ओढत बसली होती. मला बघून म्हणाली, "बेटा, तू है ना, मेरेकू फिकर नक्को." तिला खरंच फिकीर नव्हती असं नाही, मणी फार भराभर सरकत होते.

साहेब बरोबर चारला आले. मध्यम वयाचे, बारीक, बगलेत फाईल. सोबत त्यांचा शिपाई कडूबा, पन्नाशीचा, टोपीवाला. साहेब आवाज चढवणारे नव्हते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाला थोपवता येतं.

त्यांनी माझं नाव, नोकरी, पत्ता लिहून घेतला. मग विचारलं, "तुम्ही म्हणता हा जुगार नाही. कशावरून?"

"साहेब, जुगारात नशीब खेळतं. इथं हात खेळतो. शिकावं लागतं."

"हे तुम्ही म्हणता. मला कसं कळावं?"

इथं माझ्यातला उगवण तपासणारा जागा झाला आणि मी शहाणपणा केला. म्हणालो, "साहेब, तुलना करा. जो कधी खेळला न्हाई त्याला आधी बसवा, मंग मला. एकाच मशीनवर, एकाच नाण्यात. नशीब असलं तर दोघंबी सारखे. फरक पडला तर तो शिकण्याचा."

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "हे बरं आहे," ते म्हणाले. "कडूबा, बस."

कडूबा लाजत लाजत विमानाच्या मशीनसमोर उभा राहिला. कुठल्या दांडीनं काय होतं हे कळायच्या आत त्याची तिन्ही विमानं पडली. साहेबांनी घड्याळात बघून लिहिलं, बत्तीस सेकंद. मग मी नाणं टाकलं. हाताला घाम आला होता, दांडी निसटत होती, तरी पहिले दोन राउंड मी न मरता काढले आणि तिसऱ्यात पाच मिनिटांनी पडलो.

"कसा आहे हा खेळ?" साहेबांनी विचारलं. मला वाटतं त्यांनी सहज विचारलं असावं, पण मत विचारल्यावर गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

"पहिले दोन राउंड इमानदार आहेत. गोळी कुठून येती ते दिसतं, चुकवायला वेळ मिळतो. तिसऱ्यात बनवणाऱ्यानं लबाडी केली. पडदाभर गोळ्या सोडल्या, माणसाला उभं राहायला जागा न्हाई. त्याला अवघड म्हणत न्हाईत, त्याला नाणं काढणं म्हणतात. पण तिथवर पोचायला वर्ष लागतं साहेब."

अलीमनं मला डोळ्यांनी खुणावलं की बस कर. साहेब मात्र लिहीत होते.

पुढचा विटांचा. वरून विटा पडतात, त्या खाली नीट बसवायच्या. कडूबा पाऊण मिनिट, मी अकरा मिनिटं, तेही साहेबांनीच थांबवलं म्हणून. त्यावर मी म्हणालो की या गेमशी मी कधी भांडलो नाही, कारण हरलो तर चूक माझीच असते. पण त्याला शेवट नाही, कितीही रचलं तरी कधीतरी छताला लागतंच, आणि रोज खेळलं की माणूस घरी गेल्यावर कुणाशी बोलत नाही. माझी बायको तुळजाबाई या गेमवर डूख धरून आहे, हेही सांगून टाकलं. बाहेर कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं खोलीतला ताण जरा सैल झाला.

गाडीच्या शर्यतीत माझी पंचाईत झाली. स्टिअरिंग ढिलं होतं, दीड फेरा फिरवल्यावर गाडी वळायची. कडूबा पहिल्याच वळणाला खड्ड्यात गेला, पण मीही चौथ्याला आपटलो. साहेबांनी भुवया उंचावल्या. "फरक फार दिसत नाही."

मी स्टिअरिंग हलवून दाखवलं. "गेम एक नंबर आहे साहेब. दोष स्टिअरिंगचा, म्हणजे अलीमचा. सहा महिन्यांपासून बोंबलतोय मी, दुरुस्त कर म्हणून. पुन्हा एक नाणं द्या." दुसऱ्या नाण्यात मी ढिल्या स्टिअरिंगचा अंदाज धरून सात वळणं काढली. साहेबांनी आकडा लिहिला. अलीमच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

चौथा मारामारीचा, माझा लाडका. त्यात कडूबा आणि मी समोरासमोर. त्याला मी दहा सेकंदांत लोळवलं, मला एक फटका लागू न देता. कडूबा चेकाळून म्हणाला, "साहेब, अजून एकडाव!" साहेबही हसले. मी म्हणालो, "इथल्या सगळ्यांत हा सरस. कारण पलीकडं मशीन न्हाई, माणूस असतो. फक्त तो जाडा पैलवान घेऊन कोपऱ्यात दाबून खाली लाथा मारणारे भित्रे असतात, त्यांना मी खेळायला घेत न्हाई."

"तुम्ही यांच्या बाजूनं आलात आणि निम्म्या खेळांना नावं ठेवता," साहेब म्हणाले.

"खोटं बोललो असतो तर तुम्हाला कळलं असतं, साहेब."

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच ऐकतोय." त्यांनी फाईल मिटत आणली. अम्माचे मणी थांबले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात वळताना त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "आणि ती चादर?"

कडूबानं चादर ओढली. फळांचं मशीन उघडं पडलं.

अलीम पांढराफटक. मी पटकन म्हणायला हवं होतं की ते बंद आहे, गुरुवारी परत जाणार आहे. ते खरंही होतं. पण साहेबांच्या हातातला अर्ज मला दिसला, त्यात याच मशीनचं वर्णन असणार हे कळलं, आणि बंद आहे म्हटलं तर आधी चालू होतं हेही कबूल करावं लागणार. सील लागायला दहा-बारा दिवसांचा जुगार पुरे होता.

"हे सुरू करा," साहेब म्हणाले. अलीमनं वायर जोडली. फळं लुकलुकायला लागली.

"बद्रीनाथ, याबद्दल तुमचं मत?"

मागे भुजंग उभा होता, शेजारी अलीम, दाराशी अम्मा. अम्मा माझ्याकडेच बघत होती. तिला या मशीनमधलं ओ का ठो कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की आता मी काय बोलतो त्यावर तिचं घर उभं आहे. आणि हे मशीन इथं आणायला मीच भाग पाडलं होतं.

"यालाबी हात बसावा लागतो साहेब," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

"मग तुमचीच तुलना इथंही करू."

कडूबानं नाणं टाकलं, तीनदा बटण दाबलं. कलिंगड-घंटा-केळं, काहीतरी असंच. तिन्ही डाव वाया. मग माझी पाळी.

मी मशीनसमोर उभा राहिलो आणि नाटक सुरू केलं. डोळे बारीक केले. तिसऱ्या रकान्यावर नजर रोखली. श्वास धरला. अंगठ्यानं बटणाच्या कडेवर दोनदा टिचकी मारली, जणू काही मोजतोय, आणि मग दाबलं. काही नाही. दुसऱ्यांदा तसंच केलं. दोन घंटा आल्या आणि तिसरीऐवजी केळं. मागे कुणीतरी हळहळलं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. एकच डाव उरला होता. मला आठवत नाही मी कधी देवाला एवढं कळवळून बोलावलं असेल, आणि तेही खोट्यासाठी. टिचकी, टिचकी, बटण.

तीन घंटा.

ताटलीत नाणी खळखळा पडायला लागली आणि पार्लरमध्ये एकच गिल्ला झाला. कडूबानं टोपी उडवली. अलीमनं मला मिठी मारली, त्याचं काळीज छातीवर आपटत होतं ते मला जाणवलं. साहेबांनी वहीत लिहिलं, "पाचही यंत्रांवर कौशल्याचा फरक दिसून आला," आणि सही केली.

चार कागदांवर चारशे दाणे मांडल्याशिवाय मी हरभऱ्याच्या लॉटवर सही करत नाही. एका नाण्याची तपासणी ही तपासणीच नव्हे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. साहेब पायरी उतरेपर्यंत सांगायला वेळ होता. मी मूग गिळून उभा राहिलो.

गुरुवारी पुरवठादाराची गाडी आली ती मशीन न्यायला आली नाही, आणखी एक घेऊन आली. अलीम माझी नजर चुकवत म्हणाला, "साहेबांनीच सही केली बद्री. आता काऊन परत पाठवू?" मी चार शब्द सुनावले. त्यानं ऐकून घेतले, पण वायर काढली नाही. मे महिन्यात विमान गेलं, जूनमध्ये विटा गेल्या, आणि त्यांच्या जागी फळंच आली. नवा गेम आला की मला बसवायची पद्धत आपोआप मोडली. फळांबद्दल मत काय विचारणार.

मी जाणं सोडलं. जुलैत एकदा भुजंग सलग तीन दिवस उशिरा कामावर आला, चौथ्या दिवशी आलाच नाही. त्याची बायको बेबीनंदा परतूरहून थेट प्रयोगशाळेत आली, कडेवर पोर. "बद्रीभाऊजी, हे सहाच्या गाडीनं येत न्हाईत. शेवटच्या गाडीनंबी कधी येतेत कधी न्हाई. तुमच्या सोबत असतेत म्हणतेत." ती खाली बघत बोलत होती. तिला तिथंच बसवलं आणि स्टेशन रोडला गेलो.

भुजंग कोपऱ्यातल्या मशीनसमोर उभा होता. दाढी वाढलेली. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "आलात का! बरं झालं. बघा, आता मला जमत आलंय."

त्यानं डोळे बारीक केले. तिसऱ्या रकान्यावर नजर रोखली. श्वास धरला, आणि अंगठ्यानं बटणाच्या कडेवर दोनदा टिचकी मारली.

"भुजंग, ते मी उगंच केल्तं. त्यानं काही होत न्हाई."

"असं कसं? तुम्ही तीन घंटा काढून दाखवल्या की."

"नशिबानं आल्या."

"साहेबाला तं म्हणले, हात बसावा लागतो." तो पडद्यावरून नजर काढत नव्हता. "दुसऱ्या टिचकीनंतर किती थांबता, तेवढंच मला कळून न्हाई राह्यलं."

खोलीतली बाकीची माणसं आमच्याकडे बघायला लागली. अलीम गल्ल्याशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. अम्माचा नाणी देणारा हात थांबला. आता जे बोलेन ते गल्लीभर होणार, कदाचित साहेबांपर्यंत जाणार, हे मला कळत होतं. बेबीनंदा प्रयोगशाळेच्या बाकावर बसून होती.

"खोटं बोललो मी," मी मोठ्यानं म्हणालो. "साहेबाम्होरं खोटं बोललो. यात हात न्हाई, काही न्हाई. मला काही येत न्हाई याच्यातलं."

भुजंगानं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग तो हसला, अगदी मोकळेपणानं, मी त्याची गंमत करतोय असं वाटून.

"तुम्ही अन् खोटं?" तो म्हणाला. "बद्रीभाऊ, न्हाई सांगायचं तं नका सांगू. मी शिकंन माझा मी." आणि त्यानं अम्मापुढे नोट धरली.